साराचा माग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले अनुभव वाचतेय आणि खरं सांगू, निम्म्यांना तर हसलेही आहे. आमचं घर ख्रिस्ती, सासरे शाळामास्तर. करणी, बाहेरचं, असलं काही कुणी काढलं की ते जेवता जेवता उठून जायचे. तेव्हा हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

आम्ही मुळा धरणाच्या बॅकवॉटरला राहतो, राहुरी तालुक्यात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मधल्या टेकड्या उघड्या पडतात, त्यांना आम्ही बेटं म्हणतो. ओल्या गाळावर कोवळं गवत येतं. मग शेळ्या होडीत घालून न्यायच्या आणि पावसापर्यंत तिथेच मोकळ्या सोडायच्या, अशी आमची पद्धत. राखण नाही, कुंपण नाही. चारी बाजूंनी पाणी असल्यावर लांडगा येणार कुठून?

लांडगा नाहीच आला. दिनकरशेठचा कुत्रा आला.

दिनकरशेठचं फार्महाऊस आमच्या शेजारीच, काठावर. त्यांनी कुठूनसा विलायती जातीचा कुत्रा आणला होता. त्याने गड्याच्या हाताचा लचका तोडला. मारवत नाही आणि ठेववतही नाही, म्हणून शेठनी त्याला स्वतःच्या मोटारबोटीतून नेऊन बेटावर सोडला. आमच्या शेळ्या तिथे आहेत हे माहीत असून! होडीवाल्या लक्ष्मणमामांनी डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा सारा मरून पडली होती, शेजारी तिची दोन्ही करडं. सारा माझी पहिली शेळी. माझा सगळा कळप तिच्याच पोटचा, आणि माझं घर त्या कळपावर चालतं. तिच्या पुढच्या डाव्या खुराचा अर्धा भाग गेटमध्ये अडकून तुटलेला, त्यामुळे तो ठसा अर्धाच उमटायचा. मी तिला तिथेच पुरलं, वर दगड रचले, उरलेल्या शेळ्या घरी आणून दावणीला बांधल्या आणि शेठच्या दारात गेले.

"पुरावा हाय का काही?" मामांनी पाहिल्याचं सांगितलं तरी शेठ चहा पीत म्हणाले. "कुत्रं काय, कुनाचंबी आसंल."

त्या दिवशी ठरवलं, आधी कुत्रा आणि मग हा.

रोज सकाळी कोयता घेऊन मी मामांच्या होडीत बसायचे. बेटं एकमेकांच्या जवळ, काठ मात्र लांब, त्यामुळे कुत्रा तिथल्या तिथेच फिरत होता. गाळात त्याचे पंजे स्पष्ट दिसायचे. या बेटावरून पाण्यात, त्या बेटावर बाहेर. टिटवीची अंडी खाल्लेली, ससा फाडलेला. मी मागावर होते, पण तो सापडत नव्हता.

मग एका सकाळी पंज्यांच्या ठशांवर खुरांचे ठसे दिसले. वर उमटलेले, म्हणजे नंतरचे. पुढचा डावा अर्धाच.

मामांनी खाली बसून अर्ध्या ठशावरून बोट फिरवलं. "ताई... ही सारा हाय."

"मामा, काहीतरीच बोलू नका."

"मंग दुसरी कोन हाय? तुमीच सांगा."

आम्ही जाऊन दगड पाहिले. एकही हलला नव्हता.

त्यानंतर रोज तेच. पंजे पुढे, खूर मागे. शेळी पाण्यात उतरायला किती नखरे करते ते पाळणाऱ्यांना विचारा, पण हे खूर पाण्यात जात आणि पलीकडच्या बेटावर बाहेर निघत. कुत्र्याच्या शिकारीच्या खुणा बंद झाल्या. बसल्याची जागा नाही, झोपल्याची नाही, नुसती पळापळ. मला भीती वाटायला हवी होती ना? मला बरं वाटत होतं.

शेवटी तो दिसला, भर उन्हात, शेवटच्या बेटापाशी. मानेपर्यंत पाण्यात उभा, तोंड जमिनीकडे. हाडं निघालेली. दोन पावलं काठाकडे टाकायचा, कशाला तरी बिचकून परत मागे. काठावर काही नव्हतं. आम्हाला बघून तो होडीकडे वळला आणि रडायला लागला.

मामांनी वल्हं थांबवलं. "घिऊ का व्हडीत?"

"नाही," मी म्हणाले. कोयता उचलावाच लागला नाही. तो दमून बुडेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. नंतर उतरून पाहिलं, तर पाण्याच्या कडेने तेच खूर, इकडून तिकडे, तिकडून इकडे, गाळ नुसता तुडवून काढलेला.

त्यानंतर बेटांवर ठसे दिसले नाहीत. मला वाटलं, संपलं.

परवा दिनकरशेठ घरी आले. चेहरा उतरलेला. "वैनी, शेळ्या मोकळ्या सोडता का हो? आमच्या गेटाम्होरं रोज कुनाची तरी फिरती. दिसत न्हाई, पन चिखलात पाय उमटत्यात. पान्यातनं वर येत्यात."

"माझ्या सगळ्या दावणीला आहेत," मी म्हणाले. "या, बघून घ्या."

त्यांनी पाहिलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "आमच्या कुत्र्याचं काय झालं, काई कळलं का?"

"कुठला कुत्रा, शेठ?"

या सगळ्याचा अर्थ काय, मला सांगता येत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा. पास्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, शेठसाठी प्रार्थना कर. रोज रात्री गुडघे टेकते, घरातल्या सगळ्यांची नावं घेते, शेळ्यांचीसुद्धा घेते. शेठचं नाव ओठांवर येतं... आणि मी आमेन म्हणून उठते.