व्हिटॅमिनची सुई

आमची पहिली मुलगी बोरी अरबला जन्मली, आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी तिला झटके सुरू झाले. हातपाय आखडायचे, डोळे वर जायचे. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण गुण आला नाही. सासूबाई म्हणाल्या, घरातले देव नदीत सोडले, त्यांचा हा कोप आहे, पोरीला भगताकडे नेऊ. माझे मालक कापसाच्या जिनात कामाला होते, मवाळ माणूस. पण त्यांनी साफ नाही म्हटलं. मायलेकांचा वाद चालायचा आणि मी पोरीला मांडीवर घेऊन बसायची. नाव ठेवायच्या आधीच ती गेली. सासूबाईंनी लेकाशी बोलणं टाकलं.

काही वर्षांनी मुलगा झाला. त्यालाही तसेच झटके. या वेळी कुणी वाद घातला नाही. बाळाला घेऊन सासूबाईंसकट आम्ही तिघं यवतमाळच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीची औषधं देऊन पाहिली, झटके थांबेनात. मग त्यांनी पहिल्या मुलीचं विचारलं. ऐकून त्या म्हणाल्या, एक फार क्वचित होणारा आजार आहे, त्यात बाळाला एक व्हिटॅमिन इतरांपेक्षा खूप जास्त लागतं. ते शिरेतून देऊन पाहते. सुई देताना त्यांची नजर बाळाच्या छातीवर होती, श्वास थांबत तर नाही ना ते बघत. थोड्याच वेळात त्याच्या मुठी सैल झाल्या आणि तो निजला.

भिंतीशी उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या.

"बाई, माही नात गेली तवा हे औषध होतं का?"

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"होतं, आजी. पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं."

सासूबाई मालकांजवळ गेल्या. "तुह्यावर उगाच राग धरला रे मी," एवढंच म्हणाल्या. मालक तोंड फिरवून व्हरांड्यात निघून गेले.

मुलगा रोज त्याच व्हिटॅमिनची गोळी घेऊन वाढला. बोलायला उशिरा लागला, शाळेत मागे पडला, पण जगला. एकाचं तरी भलं झालं, असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण औषधाच्या दुकानात ती गोळी ताकदीच्या गोळ्यांशेजारी ठेवलेली असते, कुणीही मागावी आणि मिळावी अशी. ती दिसली की मला तिथे उभं राहवत नाही.