चौकटीवरची खाच

गल्लीच्या टोकाचा सुतार साऱ्या गावात ‘कशावरून’ म्हणून ओळखला जाई, आणि हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. डॉक्टर म्हणाले रक्तदाब वाढलाय, की हा विचारी, "कशावरून?" दुकानदार म्हणाला हे खिळे गंजत नाहीत, तर एक खिळा आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवल्याशिवाय हा पुडा घेत नसे. बायको हयात होती तेव्हा चहात साखर घातलीय म्हणाली, तरी हा आधी चमचाभर चाखून बघे. माणूस वाईट नव्हता हो. पण समोरचा काहीतरी हातचं राखून बोलतोय, ही पाल त्याच्या मनात सदा चुकचुकत असे.

त्यामुळे विम्याची बाई छत्री आणि नकाशाची गुंडाळी घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिची डाळ शिजणार नाही हे गल्लीला आधीच ठाऊक होतं.

वर्कशॉपच्या मागे चिंचोळं परसू आणि त्याच्या मागे नदी. आत भुश्शाचा वास, भिंतीला टेकलेल्या फळ्या, आणि गुडघ्याहून वीतभर उंच अशा सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली दोन मशीन, रंध्याचं आणि पट्टा करवतीचं. ती त्याच्या लेकीने घेतलेली. धंदाही आता तीच बघे, पण जागा बापाच्या नावावर. म्हणजे विम्याच्या कागदावर सही त्याचीच लागणार होती.

"काका, तुमचा आगीचा विमा आहे, पण त्यात पुराचं पाणी धरत नाहीत," बाई म्हणाली. "नदी दारातून आत आली तर एक पैसा मिळणार नाही. पुराचा वेगळा घ्यावा लागतो."

तिने नकाशा पसरला. नदीच्या दोन्ही काठांना निळा रंग दिलेला होता, आणि तो गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबत होता.

"मी तर निळ्याच्या बाहेर आहे," सुतार म्हणाला. "मग माझ्या गळ्यात कशाला बांधताय?"

"बाहेर म्हणजे शक्यता कमी, काका. पाणी येणारच नाही असं नाही. म्हणून तर तुमचा हप्ता कमी बसतो."

"स्वस्तात देताय, म्हणजे काहीतरी गोम आहे."

आणि हाच माणूस निळ्याच्या आत असता, तर म्हणाला असता की हप्ता वाढवायला मुद्दाम रेघ ओढलीय. आता अशा माणसाशी बोलायचं तरी कसं? बाई मात्र चिवट होती. तिने सांगितलं, की आज सही केली तरी विमा महिन्याने लागू होतो, तेव्हा पावसाच्या आधीच विचार करा. झालं. सुताराचे डोळे बारीक झाले.

"महिन्याने? म्हणजे पाणी कधी येणार ते तुम्हाला आधीच कळलेलं दिसतंय!"

"उलट आहे, काका. नदी फुगलेली दिसली की लोक धावत येतात. म्हणून ती अट."

सुतार तिला दाराच्या चौकटीपाशी घेऊन गेला आणि गुडघ्याच्या उंचीवर कोरलेली एक खाच दाखवली. तो पाळण्यात असताना मोठा पूर आला होता. पाणी ओसरायच्या आत त्याच्या वडिलांनी पटाशीने ही खाच मारली होती. त्याहून मोठा पूर कोणी पाहिलेला नव्हता.

"ही बघा पुराची रेघ. माझ्या बापाने मारलेली. ओटा हिच्याहून उंच आहे. तुमचा नकाशा न्या परत."

बाई गेल्यावर लेकीने करवत बंद केली. "बाबा, मशीन माझी आहेत. ती बुडाली तर मी पुन्हा उभी राहू शकत नाही. तुम्हाला सगळ्या जगाचा संशय येतो, मला मात्र भीती वाटते."

"भिऊ नकोस. बापाची खाच खोटं बोलत नाही."

एवढ्यावर थांबता तर बरं झालं असतं. पण सावध माणसाला दुसऱ्याला सावध केल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीवाली त्याच्या मित्राची बायको, मित्र गेल्यापासून एकटी गिरणी चालवायची. तिच्या मोटरीचा ओटाही सुतारानेच याच खाचेवरून माप घेऊन बांधून घेतला होता. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "वहिनी, ती विम्याची बाई येईल. दारातूनच वाटेला लावा." तिने तसंच केलं. ज्याला कोणीच फसवू शकत नाही, त्याचा शब्द होता तो.

पावसाच्या तोंडावर चौकटीला जवसाचं तेल पाजायचं, ही वर्कशॉपची जुनी रीत. यंदा लेक तेल लावत होती. लाकूड तेल पीत गेलं तसे खाचेच्या आसपास काळपट चौकोन उमटू लागले, एक खाचेखाली, मग वर दुसरा, त्याच्यावर तिसरा. तिथली भोकं दुसऱ्याच लाकडाच्या ठोकळ्यांनी बुजवलेली होती.

"बाबा, हे काय?"

"कोयंड्याची जुनी भोकं. कडी वर सरकवली तेव्हा मीच बुजवली."

लेक बसल्या जागी थांबली. "म्हणजे आधी कडी इथे होती? गुडघ्याखाली? कडी कंबरेशी लावतात ना?"

सुतार हसायला गेला आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. चौकटीचा तळ ओलीने कुजे. दुसरा कोणी नवं लाकूड जोडून मोकळा झाला असता. पण बापाच्या लाकडाला ठिगळ लावायचं नाही, हा याचा हट्ट. म्हणून तो कुजलेला भाग कापून चौकट खाली बसवी, वरच्या फटीत फळी ठोकी, आणि खाली आलेली कडी पुन्हा हाताला येईल अशी वर घेई. दरवेळी कडी वर गेली. खाच मात्र चौकटीबरोबर खाली खाली येत राहिली.

सगळ्यात खालचं भोक बापाच्या वेळच्या कडीचं, आणि खाच त्याच्याही वर. म्हणजे तेव्हा पाणी कडीच्या वर चढलं होतं. कंबरभर.

जन्मभर त्याने सगळ्यांना प्रश्न विचारले होते, आणि ज्या एका गोष्टीला विचारायला हवा होता तिच्यावर आंधळा विश्वास टाकला होता. करवत चालवणारा हात त्याचाच होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की लेकीकडे न बघताच तो म्हणाला, "त्या बाईला फोन लाव."

त्याने सही केली, तीही कागद फक्त दोनदा वाचून. मग गिरणीवर गेला.

गिरणीवाली पट्टा पुसत होती. त्याने चौकटीची सगळी हकिगत सांगितली, भोकं, कापलेला तळ, काहीही न लपवता. ओटा चुकीच्या मापाचा आहे, विमा घ्या, आजच घ्या, लागू व्हायलाच महिना जायचाय, असं म्हणाला. ती पुसता पुसता थांबली.

"त्या दिवशी नको म्हणालात. आज घ्या म्हणताय." तिचा आवाज चढला नाही. "त्या बाईने तुम्हाला काय देऊ केलंय, भावजी?"

त्याला मार बसल्यासारखं झालं. रागावणार कसा? तिच्या जागी तो असता तर त्यानेही हेच विचारलं असतं, कदाचित याहून लागेल असं.

"काही नाही," तो म्हणाला. "माझी चूक झाली, वहिनी. चला, चौकट दाखवतो."

ती आली. भोकांवर बोट फिरवलं, खाचेपाशी उभी राहिली, मग खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. मागच्या परसातून नदीचा आवाज येत होता.

"मोटर वर घ्यायला लेकीला पाठवा," ती म्हणाली. "आणि त्या बाईलाही पाठवून द्या. मी बोलते तिच्याशी."

"मी घेऊन येतो."

"नको. तुम्ही येऊ नका," ती म्हणाली, आणि गिरणीकडे वळली.