खालचं टोक

थोरलीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजराची गरज नव्हती. या उन्हाळ्यात तिचा उजवा हातच तिला उठवायचा. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही जायच्या आणि हाताचा नुसता ओंडका व्हायचा. ती अंथरुणात उठून बसायची, हात खाली सोडून झटकायची, मनगट चोळायची. बोटं हलू लागली की स्टोव्ह पेटवायची. एका काडीत पेटला तर दिवस बरा जायचा.

पलीकडच्या खोलीत धाकटी जाऊ आणि तिची दोन मुलं. धाकटीचा नवरा मालट्रकवर होता. महिन्यातून दोनदा यायचा, अंघोळ करून झोपायचा, उठून परत जायचा. थोरलीचा नवरा केव्हाच वारला होता आणि तिला मूल नव्हतं. धाकटीची मुलं तिला मोठी आई म्हणायची आणि भूक लागली की आधी तिच्याकडे यायची. दोघी जावा एका स्टोव्हवर नांदतात म्हणून गल्लीला नवल वाटायचं. थोरली म्हणायची, "भांडायला दम लागतो. तो संध्याकाळी उरला तर भांडू."

दोघी चर्चमध्ये कामाला होत्या. झाडणं, पुसणं, काचा, अंगण, पाण्याचे माठ. हे बारमाही काम, पगार बेताचा; म्हणून धाकटी बाहेर धुणीभांडीही करायची. उन्हाळ्यात मात्र जादा पगार मिळायचा, कारण उन्हाळ्यात बाकं असायची.

चर्चला पत्र्याचं छप्पर होतं. ऊन तापलं की आत बसवत नसे, म्हणून दोन-अडीच महिने उपासना अंगणातल्या मोठ्या झाडाखाली व्हायची, सकाळी लवकर. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी सगळी बाकं बाहेर आणायची आणि रविवारी दुपारी परत आत न्यायची, नाहीतर पाखरं त्यांची दशा करायची. बुधवारी संध्याकाळी गाण्यांची बैठक असे, तेव्हा पुन्हा तेच. बाकं जुन्या लाकडाची, पाच माणसं बसतील अशी लांब. बाकाला पाठ असते. ती बाकाला मागे ओढते, म्हणून दोन टोकांना दोघांनी सारख्या उंचीवर धरलं नाही तर बाक हातातच वळतं. त्यातून दाराला चार दगडी पायऱ्या, मधोमध झिजलेल्या. पायरीवर ओझं खालच्याकडे येतं. थोरली पहिल्या वर्षापासून खालचं टोक धरत आली होती, कारण त्या वर्षी धाकटी बाळंतपणातून उठून आली होती. पुढे कुणी बदल केला नाही.

चर्च मायाळू होतं, त्यात शंका नाही. फाटकात शिंपी उभा असायचा. अंगाने भरलेला, आवाजानेही. नवा माणूस दिसला की त्याचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि त्याच्या पोटात सरबत जाईपर्यंत सोडायचा नाही. कोण कुठला, कशाला आला, कुणी विचारत नसे. सुट्टीत सकाळी मुलांचं शिबिर चाले. गल्लीतली सगळी पोरं, कुणाचीही असोत, सतरंजीवर बसून गोष्टी ऐकत, कागदाची जहाजं करत आणि जाताना खिशात पेन्सिली घालून नेत. चर्चचे पाळक म्हणायचे, "नेऊ द्या, लिहितील तरी." रविवारी सावलीला म्हणून म्हातारीकोतारी येत, त्यांच्या सुना येत, सुनांच्या शेजारणी येत. माणसं वाढली की पाळकांचा चेहरा फुलायचा आणि ते थोरलीला म्हणायचे, "बाई, मागे अजून दोन बाकं लागतील हं."

स्वागत तोंडाने होतं. बाक मात्र हातानेच आणावं लागतं.

एका वर्षी तरुण मंडळाने मदतीचं पथक काढलं होतं. इस्त्रीचे शर्ट घालून आले, तीन बाकं उचलली, एका बाकाचा पाय मोडला, सरबत प्यायले आणि शेवटी गाणं म्हणून गेले. धाकटी म्हणाली, "गाणं मात्र छान म्हणाले." तेव्हापासून कुणी पथकाचं नाव काढलं नाही. कमिटीत मात्र एकदा भाड्याच्या खुर्च्यांची गोष्ट निघाली होती. खुर्च्यावाला आपली माणसं घेऊन येतो. ते ऐकून दोघी जावांनी त्या आठवड्यात बाकांना पॉलिशसुद्धा केलं होतं.

हात बिघडला तो या उन्हाळ्याच्या तोंडावर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मनगट दाबून पाहिलं, बोटांना टाचणी टोचून पाहिली.

"शीर दबलीय मनगटात. लहानसं ऑपरेशन आहे. पण नंतर दीड-दोन महिने काही उचलायचं नाही."

"उन्हाळा झाल्यावर केलं तर?"

"तोवर जड उचलू नका."

थोरली हसली. डॉक्टरीणबाईंना ते आवडलं नाही. "उशीर केलात तर बोटांत बळ परत येईलच असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या.

ऑपरेशनला पैसे हवेत, पैसे उन्हाळ्याच्या पगाराचे, आणि पगार हवा तर बाकं उचलायची. थोरलीने घरी येताना वाटेत हा हिशेब उलटसुलट करून पाहिला. कुठूनही धरला तरी तो हातावरच येऊन पडत होता. काम जोडीचं. एक बसली की दुसरीही बसणार आणि खुर्च्यावाला येणार. तेव्हा हा उन्हाळा काढायचा, मग हाताचं बघायचं. घरात कुणाला सांगायचं नाही.

खालच्या टोकाला तिने युक्ती काढली. जुन्या चादरीची रुंद पट्टी शिवली, ती खांद्यावरून घेऊन बाकाच्या बैठकीखाली अडकवायची. ओझं खांद्यावर यायचं, कोपरावर टेकायचं, बोटांनी नुसता आधार द्यायचा.

"अहो जाऊबाई, हे काय नवीन?" धाकटी पहिल्या शनिवारी म्हणाली. "बैल आहात का?"

"बैलाला वेळेवर चारा मिळतो. उचल."

"मला पण शिवा एक."

"तुला कशाला? तुझी हाडं कोवळी आहेत. उचल म्हणते ना."

शनिवार गेले, बुधवार गेले. पट्टीने खांदा सोलवटला, त्यावर तिने खोबरेल लावलं. संध्याकाळी हातातून पेला निसटायचा. एकदा वाटी निसटली आणि धाकट्या पोराने जमिनीवरची आमटी बोटाने चाटून दाखवली; सगळे हसले, थोरलीही हसली. आपली वेणी घालायला ती धाकटीच्या पोरीला सांगू लागली. म्हणायची, "शीक जरा." उन्हाळा अर्ध्यावर आला. मग अर्ध्याच्या पुढे गेला. कष्टाचं असं असतं की शेवट दिसू लागला की ते जास्त जड होतं. आधी माणूस मान खाली घालून ओढत असतो, नंतर मान वर करून पाहू लागतो.

त्या रविवारी उपासना लांबली. बाहेरगावचे पाहुणे आले होते, मुलांनी शिबिरातली गाणी म्हटली, पुन्हा म्हटली. ऊन चढलं. लोक झाडाखाली पेले घेऊन उभे होते आणि दोघी बाकं आत नेऊ लागल्या. निम्मी झाली. थोरली पायरीशी थांबली, पट्टी खांद्यावरून काढली, दुसऱ्या खांद्यावर घेतली, परत काढली.

धाकटी वरून उतरली. "सरका. आता मी खाली धरते."

"काही नको."

"इतकी वर्षं तुम्हीच धरताय. मी काय काचेची आहे का? व्हा वर."

दुसऱ्या एखाद्या दिवशी थोरलीने तिला झापलं असतं. त्या दिवशी तिचा खांदा पेटला होता, डोळ्यांपुढे ऊन नाचत होतं, आणि कुणीतरी "सरका" म्हणालं हेच तिला इतकं गोड वाटलं की ती सरकली.

खाली बळ लागतं. वर बोटं लागतात. खालच्याला बाक कमरेवर, मांडीवर, कोपरावर घेता येतं. वरचा पाठमोरा चढतो, वाकलेला असतो, आणि त्याचं टोक बोटांवर लटकलेलं असतं. पट्टीचा तिथे उपयोग नाही. हे थोरलीला ठाऊक होतं. धाकटीला नव्हतं, कारण तिची बोटं शाबूत होती आणि शाबूत बोटांची कुणी आठवण ठेवत नाही.

पहिली पायरी झाली. दुसरी झाली. तिसरीवर थोरलीला कळलं की उजव्या हातात बाक आहे की नाही, हेच तिला कळत नाहीये. तिने खाली पाहिलं. बोटं उघडी होती.

"सोड!" ती ओरडली. "बाजूला हो!"

बाक पायऱ्यांवरून घसरलं आणि धाकटीच्या पावलावर उतरलं.

सगळे धावले. शिंप्याने धाकटीला एकट्याने उचललं, कुणीतरी गाडी आणली. पावलाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून तिला घरी आणलं. तोवर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाळक, शिंपी, कमिटीचे सेक्रेटरी, शिबिराच्या दोन बाया, सगळे आले होते. कुणी फळं आणली, कुणी भात आणला. पाळकांनी प्रार्थना केली, ती मनापासून होती आणि थोडी लांब होती. थोरली दाराशी उभी राहिली. आमेन झालं तशी म्हणाली, "प्रार्थना झाली असेल तर बाकं आत न्या. अजून निम्मी बाहेर आहेत."

शिंपी हळूच म्हणाला, "खरं आहे की."

"बाई, बाकांचं राहू दे आता," पाळक म्हणाले. "दवाखान्याचा खर्च चर्च करील. आमच्या पायरीवर झालंय."

"पायरीचा दोष नाही. बाकाचाही नाही." थोरलीने उजवा हात पुढे केला, जणू दोष तिथेच लिहिलेला होता. "माझा हात गेलाय. उन्हाळ्याआधीपासून. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, उचलू नका. मी उचललं आणि सांगितलं नाही. खर्च माझा."

धाकटी पलंगावरून म्हणाली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"पेले कुणाच्या हातून पडतात, ते दिसतं हो. आंधळी नाही मी. म्हणून तर खाली आले, तुमच्या हाताला आराम म्हणून."

"आराम!" थोरलीचा आवाज चढला. "वर बोटं लागतात गं, बये! विचारायचं नाही का एका शब्दाने?"

"आणि तुम्ही सांगायचं नाही का एका शब्दाने?"

"मोठी आई, भांडताय का?" पोरीने विचारलं.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

पाहुणे उठले. जाताना ते चर्चवरून गेले आणि अंधार पडायच्या आत उरलेली बाकं आत नेली. दाराची चौकट दोन ठिकाणी सोलली.

बाकं बाहेर काढायचं काम कमिटीने अंगावर घेतलं. पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेश आखूड केला आणि सांगितलं, की उरलेल्या उन्हाळ्यात जो ज्या बाकावर बसेल त्याने ते आत न्यायचं. लोक हसले, मग उठले. गोंधळ झाला. म्हातारीकोतारी एकाच बाकावर बसलेली निघाली, ते बाक जागचं हलेना. शिंप्याला ऐसपैस बसायची सवय होती, त्याच्याजवळ कुणी बसत नसे. आता तो बाकाचं एक टोक धरून एकटाच उभा राहिला आणि फाटकाकडे निघालेल्यांना हाका मारू लागला. त्यानंतर तो उपासनेच्या आधीच उशिरा येणाऱ्यांना हाताला धरून आपल्या बाकावर बसवू लागला, आधी दंड चाचपून. लांब बाकं ओस पडू लागली आणि कडेच्या आखूड बाकासाठी चुरस लागली. थोरली पायरीशी उभी राहून सांगायची: तगडा माणूस खाली घ्या, ज्याची पकड चांगली तो वर, आणि मध्ये बोलू नका.

खुर्च्यावाला आला नाही. सेक्रेटरी म्हणाले, पगार दोघींना ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत मिळेल. थोरलीला ते पचलं नाही. न उचललेल्या बाकाचे पैसे कसे घ्यायचे? धाकटी म्हणाली, "उचलली तेव्हा कुणी दुप्पट दिले होते? घ्या." थोरली कबूल झाली, पण त्या महिन्यात चर्चच्या सगळ्या काचा डाव्या हाताने आतून-बाहेरून पुसून काढल्या. दवाखान्याच्या खर्चाचं पाकीट पाळकांनी दोनदा आणलं, दोन्ही वेळा ते परत गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी आणलं नाही. फक्त म्हणाले, "बाई, तुम्ही फार कठीण आहात." थोरली म्हणाली, "हो."

दीर मधे एकदा येऊन गेला. बायकोच्या प्लास्टरकडे पाहिलं, वहिनीच्या हाताकडे पाहिलं, म्हणाला, "घरात एक तरी धड माणूस ठेवा." मग झोपला.

उन्हाळा संपला. बाकं आत गेली, माठ उलटे झाले. जादा पगार हातात आला तेव्हा थोरलीने पाकीट डाव्या हाताने धरलं. डॉक्टरीणबाईंना ती वाटेत भेटली होती. ऑपरेशनची तारीख त्यांनी विचारली, तिने पुढच्या वर्षीचं सांगितलं. त्यांनी नुसतं मनगट धरून पाहिलं.

पगार धाकटीच्या दवाखान्याच्या देण्यात गेला. उरला तो वाण्याकडे गेला, कारण धाकटीची बाहेरची धुण्याभांड्याची कामं दोन महिने बंद होती. प्लास्टर निघालं. पाय पांढरा आणि बारीक दिसत होता. धाकटी भिंत धरून दारापर्यंत गेली, भिंत सोडून परत आली आणि म्हणाली, "चालतंय." थोरलीने तिला आणखी एकदा चालायला लावलं, पावलाकडे बघत. लंगडत नव्हती. सगळा उन्हाळा त्या पावलात गेला होता, आणि पाऊल सरळ पडत होतं.