बाराव्याच्या पैशांची बदकं

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन धड नाही आणि अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. चौथीनंतर हातातली पाटी गेली आणि विळा आला. ऱ्हस्व-दीर्घ जिथे पडले तिथे पडले. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते. मला बोलायची लाज वाटते, पण माफी मागायची सवय जुनी आहे.

आमची दोन खाचरं करंजाड्याच्या टॉवरांसमोर आहेत, मधे एक बांध. टॉवरवाल्यांना गॅलरीतून आमचं हिरवं भात दिसतं आणि त्यासाठी त्यांनी बिल्डरला जास्त पैसे मोजले म्हणतात. आम्हाला त्यातला एक रुपया मिळाला नाही. भात मात्र आम्हीच लावायचं.

जमिनीचं म्हणाल तर ती आमच्या घरातल्या पुरुषांसारखी झाली होती. दरसाल युरिया मागायची, काम कमी करायची आणि उन्हाळ्यात तोंड वासून पडायची. भेगा एवढ्या की एकदा माझी चप्पल आत गेली ती गेलीच. कापणीनंतर आम्ही त्याच ओलीवर वाल टाकतो. पण ओल राहीच ना, वाल अर्ध्यात पिवळे पडायचे. नांगरताना गांडूळ दिसलं तर आम्ही पाहुणा आल्यासारखे बघायचो.

जे काही वाल होतात ते मी पनवेलच्या बाजारात विकायला बसते. मागे एका चाचीचं अंड्यांचं दुकान आहे. तिचा मुलगा कुवेतला, त्यामुळे तिचं सगळं बोलणं माझ्या वाट्याला. एक दिवस म्हणाली, "तुझ्या तोंडात जबान हाय का नाय? गिऱ्हाईक खुदाच्या मेहेरबानीनं येतं तुझ्याकडे. असं कर, भातात बदकं सोड. माझ्या माहेरी सोडायचे. गवत तीच खातात, किडे तीच खातात, खतही तीच टाकतात. तू नुसती अंडी उचल आणि मला आणून दे. बोलायची गरजच नाय."

बोलायची गरज नाही, हे मला फार आवडलं.

पंचवीस पिल्लं आणि जाळी मिळून तीन हजार रुपये लागणार होते. नवऱ्याकडे मागितले असते तर त्याने आधी हसून घेतलं असतं आणि मग दिले नसते. घरात रोकड एकाच ठिकाणी होती, सासूच्या बिस्किटाच्या डब्यात. ते तिच्या बाराव्याचे पैसे. मुलाच्या हातात सोपवलं तर बाराव्याच्या डाळीत पाणी पडेल आणि गाव नावं ठेवील, म्हणून तिने आपल्या मरणाची तरतूद आपणच केली होती. त्या डब्याला देवसुद्धा हात लावत नव्हता.

दोन दिवस मी तिच्यासमोर नुसती झाडत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "त्या जागेवर आता माती उरली नाय गो. काय पायजेल ते बोल."

मी बोलले. तिने डबा मांडीवर घेतला.

"परत कधी देशील?"

"दोन वर्सांत. थोडं थोडं."

"म्हंजे तवर मला मरता येनार नाय."

"नका मरू, आई."

"बघते," असं म्हणून तिने पैसे दिले. तेव्हापासून तिला जरा खोकला आला तरी मी आल्याचा काढा घेऊन धावायचे. प्रेम होतंच. पण तीन हजारही होते.

पिल्लं आली. आमच्यात बाहेरून आणलेलं कुठलंही पिल्लू खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवायची रीत आहे. पिल्लू कुणाचं, हे कोंबडीला विचारायचं नाही. सासूची एक तांबडी कोंबडी तेव्हा रिकाम्या टोपलीत अंड्यांची आशा धरून बसलेली होती. संध्याकाळी सासूने एकेक करून पंचवीस बदकं तिच्याखाली सारली. सकाळी कोंबडी टोपलीच्या वर तरंगत होती, पण आई झाली होती.

खरी मजा लावणीनंतर. रोपांनी मूळ धरल्यावर पंधरा दिवसांनी बदकं खाचरात सोडायची, असं चाचीने बजावलं होतं. नवऱ्याने अट घातली की एकाच खाचरात सोड, दुसऱ्यात मी युरिया टाकतो. मी पिल्लांना बांधावर आणलं. ती एका रांगेत पाण्यात उतरली आणि कोंबडीने जो आकांत केला, तो आमच्या गावात सख्खं माणूस गेल्यावरही कुणी केला नसेल. आपली सगळी लेकरं एका वेळी बुडताना ती बघत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याने तिने नशिबाशी समझोता केला. दिवसभर बांधावर बसायची आणि ऊन उतरलं की उभी राहून कुट-कुट-कुट करायची. मग सगळी बदकं भातातून बाहेर येऊन तिच्यामागे घरी चालायला लागायची. माझं काम एवढंच, मागून जायचं. चाचीने सांगितलं तसं, तोंड उघडायची गरज पडली नाही.

आणि खाचर बदललं. बदकांच्या पायांनी पाणी सतत गढूळ राहायचं, त्यामुळे तण उगवेच ना. रोपं कुरतडणारे खेकडे, त्यांना आम्ही मुठे म्हणतो, ते दिसेनासे झाले. बेणणीला, म्हणजे तण उपटताना, दरसाल माझी कंबर मोडायची. त्या वर्षी एका खाचरात मी वाकलेच नाही. पलीकडच्या खाचरात नवरा आणि त्याचा युरिया, दोघांनाही मी बेणत होते.

मग गटारी आली. उद्यापासून श्रावण, म्हणजे देवाला वास येणार. आदल्या दिवशी जणू देवाला सर्दी असते, त्यामुळे जेवढं खाता येईल तेवढं खायचं. नवऱ्याचे दोस्त द्रोणागिरीला कंटेनरवर कामाला आहेत. त्यांनी आठवडाभर आधीच बदकांकडे बघून गिळायला सुरुवात केली होती.

मी नवऱ्याला म्हटलं, "बदकाला हात लावायचा नाय. ते आईच्या बाराव्याचे पैसे हायेत."

"नाय लावत," तो म्हणाला. "आईची शप्पत."

त्याने शब्द पाळला. मी बाजारातून आले तेव्हा पंचवीसच्या पंचवीस बदकं खाचरात होती. चुलीवर मटणाचं मोठं भांडं होतं आणि त्यात तांबडी कोंबडी होती.

"बदक नाय कापलं," तो हसत म्हणाला. "नुसती पाण्याकडं बघत बसायची. काय कामाची ती?"

सासू भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "काय कामाची ते आता ऊन उतरल्यावर कळंल तुला."

ऊन उतरलं. बांधावर कुट-कुट नव्हतं. बदकं भातातच. नवरा आणि दोस्त पोटात कोंबडी घेऊन चिखलात उतरले, हुर्र हुर्र करत धावले, रोपं तुडवली आणि दोघे तर चिखलात बसले. बदकं पुढे सरकत खाडीकडच्या उघडीपर्यंत गेली. भाताचं जादा पाणी खाडीत सोडायला बांधात ठेवलेली वाट, तीच ही उघडी, आणि तिथे जाळी नव्हती. तिथून एकदा बाहेर पडली की खाडी, आणि खाडीतून कुणी परत येत नाही. तीन हजार रुपये तिथे शेपट्या हलवत उभे होते.

बांधापलीकडच्या रस्त्यावर टॉवरमधले लोक फिरायला आलेले. मला तर दुकानात साखर मागायची झाली तरी पदर चावावा लागतो. पण मी बांधावर, कोंबडी बसायची त्याच दगडापाशी, जाऊन उभी राहिले. डोळे मिटले आणि केलं, कुट-कुट-कुट.

काही झालं नाही. मागून कुणीतरी हसलं.

पुन्हा केलं. या वेळी पोटातून, ती करायची तसा शेवटचा कुट लांबवून. भात हललं. एक मान वर आली, मग दुसरी. मग सगळी रांग पाण्यातून माझ्याकडे निघाली. मी वळून घराकडे चालू लागले, कारण ती तसंच करायची, मागे वळून बघायची नाही.

रस्त्यावरची एक बाई मोबाईल धरून म्हणाली, "ताई, परत एकदा कराल का? व्हिडिओत आवाज नीट आला नाही."

मी केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशी केलं, रोज केलं, आणि रोज तिथे माणसं यायची. भात निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला लागलं तेव्हा बदकं बाहेर काढली, नाहीतर दाणेच खाल्ले असते. तोपर्यंत मी टॉवरच्या निम्म्या लोकांना तोंडपाठ झाले होते. त्यातल्याच मॅडम पुढे अंडी मागायला आल्या. ती बोलणीही मी कशीबशी केली.

भात जास्त आलं असं मी लिहिणार नाही, कारण आलं नाही. दोन्ही खाचरांत सारखंच. फक्त माझ्या खाचराला युरियाचं पोतं लागलं नव्हतं. फरक नंतर दिसला. वाल टाकले तेव्हा युरियाच्या खाचरात पेरताना बोट रुतत नव्हतं, आणि बदकांच्या खाचरात मनगटापर्यंत हात गेला. तिथले वाल पोपटी लावायच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायच्या, दिवसांपर्यंत हिरवे राहिले. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सासू अनवाणी जाऊन दोन्ही खाचरांत टाच दाबून आली. बदकांच्या खाचरात भेगा होत्या, पण चप्पल गिळतील एवढ्या नाहीत. ढेकूळ फोडलं तर गांडूळ निघालं, आणि एकटं नव्हतं.

"माती परत मऊ व्हायला लागली," ती म्हणाली. "पन निम्मीच. दुसरं खाचर अजून तुझ्या नवऱ्यासारखं हाय."

त्या पावसाळ्यात नवऱ्याने गुपचूप दोन्ही खाचरांना जाळी मारली. मी निम्मी बदकं तिकडे सोडली. न बोलणं मला येतं.

बदकं अंड्यांवर आली तेव्हापासून चाची आणि टॉवरवाल्या मॅडम यांच्याकडून जे यायचं, त्यातून मी दर महिन्याला डब्यात टाकत गेले. परवा शेवटचे दोनशे घेऊन सासूपुढे बसले. तिने डबा उघडला आणि सगळं मांडीवर ओतून दोनदा मोजलं. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, मोजायला आवडतं म्हणून.

"तुझे फिटले," ती म्हणाली. मग आत हाक मारली, "अरे ए, हिकडं ये. माझ्या कोंबडीचे किती?"

नवरा आला. "आये, दोन वर्सं झाली त्याला."

"मी तवर मेले का?"

त्याने खिशातून पाचशेची नोट काढली. सासूने ती उजेडात धरून बघितली, डब्यात घातली आणि झाकण दाबून बसवलं.