दोनशे बारा वळसे

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जुन्या छपाईयंत्रांच्या दालनाला लागून एक लांबट खोली होती. खोलीभर टेबल, आणि टेबलावर डोंगर, दोन पूल, एक बोगदा, तीन स्टेशनं नि त्यांच्यामधून दिवसभर फिरणाऱ्या छोट्या आगगाड्या. पाहणारे कठड्याबाहेर उभे राहायचे. बाई मात्र टेबलाखालून वाकून आत शिरायच्या आणि डोंगरामागच्या चौकोनी भोकातून डोकं वर काढायच्या. पहिल्यांदा पाहणारी मुलं दचकायची.

या गाड्यांची देखभाल बाईंकडे होती. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी पंख्यांच्या कारखान्यात मोटरी भरल्या होत्या, म्हणजे तांब्याची तार गुंडाळून आतली वेटोळी तयार केली होती. कारखाना बंद पडला आणि त्या इथे आल्या. "आमची सून रेल्वेत आहे," असं त्यांच्या सासूबाई बिनदिक्कत सांगायच्या, आणि कुणी पुढचं विचारायच्या आत विषय बदलायच्या.

काम वरवर खेळ वाटावा असं, पण अंत पाहणारं. रोज सकाळी रुळांवरून स्पिरिटचं फडकं फिरवायचं. चाकांवरची काळी पुटं काडीला कापूस गुंडाळून काढायची. दातेरी चाकांत अडकलेले केस चिमट्याने ओढायचे. एवढे केस येतात कुठून, हे कोडं काही सुटत नव्हतं. दालनाचा रखवालदार तर पार टकला होता. सगळ्यांत नाजूक काम तेलाचं. सुईच्या टोकावर मावेल तेवढाच थेंब घालायचा.

अकरा इंजिनांत सात डबे ओढणारं काळं इंजिन सर्वांत जुनं. ते मास्तरांनी स्वतः बनवलेलं. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. हा सगळा पसारा त्यांनी घरात एकोणीस वर्षं खपून उभा केला, आणि वाकणं जमेना तेव्हा संग्रहालयाला देऊन टाकला. दर गुरुवारी ते यायचे आणि कठड्यापाशी उभं राहून चुका काढायचे. "सिग्नल कलला आहे." "बोगद्याचा रंग उडाला." एखाद्या दिवशी चूक सापडली नाही, की घसा खाकरून निघून जायचे. बाई त्यालाच शाबासकी समजायच्या.

एका मंगळवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचवून बाई धावतपळत आल्या. दालन उघडायला दहा मिनिटं उरली होती. सुई हाताशी सापडेना, म्हणून त्यांनी तेल थेट बाटलीच्या नळीतून सोडलं. हवं त्याहून बरंच जास्त पडलं. पुसायला हवं होतं. "चालतंय आजचा दिवस," असं मनाशी म्हणत त्यांनी काळं इंजिन रुळांवर ठेवलं.

अकराच्या सुमारास शाळेची सहल आली. काळं इंजिन बोगद्यातून बाहेर पडलं ते धूर सोडतच. मुलांनी टाळ्या पिटल्या. "बघ, खरा धूर," एक मुलगी शेजारणीला सांगत होती. बाईंच्या नाकाला मात्र तारेवरच्या वॉर्निशचा जळका वास आला. त्यांनी बटण बंद केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेल मोटरीला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या ब्रशांपर्यंत उतरलं, त्यांच्या भुकटीत कालवून त्याचा चिखल झाला, आणि वेटोळी जळाली.

विभागाचे साहेब माणूस चांगला, पण कटकट टाळणारा. "ही मोटर आता कुठे मिळायची नाही," ते म्हणाले. "इंजिन काचेच्या पेटीत ठेवू. मास्तरांना सांगू, वय झालं होतं. तसं खोटंही नाही ते."

बुधवारभर बाईंनी तेच वाक्य मनात घोळवलं. सोपं होतं. मास्तरांना कळलंही नसतं.

गुरुवारी मास्तर आले आणि त्यांची नजर रुळांवरून एकदा फिरली. "काळं कुठाय?"

"जळलं," बाई म्हणाल्या. "माझ्या हातून. तेल जास्त घातलं."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "किती?"

"पाहिलं नाही. घाईत होते."

ते काठी टेकत निघून गेले. पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

बाईंनी साहेबांची परवानगी काढून इंजिन घरी नेलं आणि मोटर उघडली. तीन वेटोळ्यांपैकी दोन इतकी जळली होती, की वळसे मोजता येईनात. तिसरं त्यातल्या त्यात धड होतं. ते त्यांनी वळशा-वळशाने उलगडलं. दोनशे बारा भरले. नेमकी तशी तार काही मिळेना. कारखान्यातल्या एका मैत्रिणीचं आता मोटरी भरायचं दुकान होतं. तिने शोधून दिलेली तार मापाने एक नंबर बारीक निघाली. "भागवून घे," ती म्हणाली.

रविवारी सकाळी बाई खिडकीशी बसल्या. सासूबाईंना धड दिसत नव्हतं, पण कान तिखट. मोजायचं काम त्यांनी मागूनच घेतलं. बाईंनी प्रत्येक वळशाला "हं" म्हणायचं, आणि दर दहा वळशांना सासूबाईंनी बशीतला एक शेंगदाणा बाजूला ठेवायचा. वेटोळं जाडीला पुरेसं दिसायला लागलं तरी बाजूला अठराच दाणे.

"आई, दाणे कमी आहेत."

"एखादा खाल्ला असेन."

"एखादा, की दोन?"

सासूबाईंनी विचार केला. "तू बोलू देत नव्हतीस. तोंडाला काही तरी चाळा नको?"

बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसत हसत सगळी तार उलगडली. दुसऱ्या खेपेला शेंगदाण्यांऐवजी शर्टाची बटणं घेतली. तीन वेटोळ्यांना तीन रविवार गेले.

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी. बाईंनी इंजिन फडक्यात गुंडाळलं, रुळांचे चार तुकडे पिशवीत घातले आणि मास्तरांचं घर गाठलं. दार त्यांच्या मुलीने उघडलं. "तब्येत ठणठणीत आहे," ती हळूच म्हणाली. "नुसते तोंड पाडून बसलेत."

मास्तरांच्या टेबलावर रूळ जोडले. इंजिन हललं, दमादमाने टोकापर्यंत गेलं, परत आलं.

"मंद झालंय," मास्तर म्हणाले.

"तार बारीक मिळाली. पाच डबे ओढेल. सात नाही ओढायचं."

मास्तरांनी वरचं टोपण काढलं आणि भिंग घेऊन बराच वेळ आत पाहिलं. "हाताने भरलीत?"

"हो. वळसे सासूबाईंनी मोजले."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "त्या दिवशी राग आला होता मला. आठ दिवसांत गेलाही. पण मग काय तोंड घेऊन यायचं? तुम्ही खरं सांगितलंत, आणि मी पाठ फिरवून आलो."

बाईंनी टोपण परत बसवलं. "गुरुवारी या," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही, तर चुका साठल्यात."

गुरुवारी मास्तर आले. या खेपेला ते कठड्याबाहेर थांबले नाहीत. कठड्याच्या बाजूचं फळकूट उघडून घेतलं, बाईंच्या कामाच्या टेबलापाशी खुर्ची मागवली आणि चाकं पुसायला घेतली. वेळ लागला, तरी तीन चाकं स्वच्छ झाली. माहितीच्या पाटीवरचा सातचा आकडा खोडून तिथे पाच त्यांनीच रंगवला. उरलेले दोन डबे मधल्या स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभे केले.

काळं इंजिन आता फक्त सकाळी तासभर चालतं. ते सावकाश जातं, म्हणून बाईंनी मागच्या गाडीचं वेळापत्रक बदललं. ती आता पहिल्या स्टेशनात थोडी जास्त थांबते. तेवढ्या वेळात मुलांना फलाटावरची बोटभर उंचीची माणसं नीट पाहता येतात.