सगळ्यांनी गाळलेलं कडवं

ते गाणं मी केलं. हे आधीच सांगून टाकते, कारण अकोल्यापासून मोर्शीपर्यंत किती जणांनी ते आपलं म्हणून गायलं याचा हिशेब मी सोडून दिला आहे. जे समोर सापडले त्यांना तोंडावर सांगितलं. जे सापडले नाहीत त्यांनी इथं वाचावं.

छप्पन साली आम्ही घरची सगळी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, आणि त्याच हंगामात मी अकोल्याच्या एका जिनात कामाला लागले. जीन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायचा कारखाना. रांगेनं रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, मांडलेले, एकेका रेच्यासमोर एकेक बाई, दिवसभर उभ्यानं कापूस घालायचा. रुईची धूळ नाकातोंडात जायची, घसा कोरडाठाक पडायचा, आणि इथंच घोडं पेंड खात होतं. कोपऱ्यात माठ होता, पण आमच्या वस्तीतल्या बायांनी त्याला हात लावायचा नाही. पाणक्या वरून गडव्यानं ओतणार, आम्ही खाली वाकून ओंजळीनं पिणार. पाणक्या जागेवर नसला तर तहान गिळायची. मी बावीस प्रतिज्ञा म्हणून आलेली बाई, आणि जिनात मात्र कंबर मोडून पाणी प्यायची. मला संताप यायचा. आज सांगतानाही येतो.

रेच्याच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, पण गायलेलं येतं. म्हणून एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलून धरायची, ही आमच्या कामाची रीतच होती. या उचलून धरण्याला झील म्हणतात. ओळीला ओळ जोडत मी तीन कडवी केली. पहिलं मजुरीचं, दुसरं पाण्याचं, तिसरं एकजुटीचं. त्यातलं दुसरं असं:

देवापुढं जळते वात, तिले आमचाच लागला हात,
हात माठाले लागला त पानी काहून बाटते रे?

एका सकाळी आम्ही चाळीस जणी आत न जाता फाटकासमोर बसलो आणि हेच गात राहिलो. तिसऱ्या दिवशी शेटनं मजुरी वाढवली. पाण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "मजुरीचं बोला. पाण्याचं नाही." आमच्यातल्या निम्म्या जणींना तेवढंच पुष्कळ वाटलं. घरी पोरं उपाशी असली की असं वाटतं, त्यांना मी दोष देत नाही. मीही रेच्यावर परत उभी राहिले आणि परत वाकून पाणी प्यायले.

गाणं मात्र थांबलं नाही. ते पाय फुटल्यासारखं गावोगाव हिंडलं. आणि माझी चूक तिथं भोवली.

आपल्याकडं शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. मी छाप टाकलीच नव्हती. शब्द माझे होते, पण चाल कोणी ओढली, झील कोणी दिली? त्यात माझ्या एकटीचं नाव कसं घालू? पण छाप नसलेलं गाणं म्हणजे बेवारस ढोर, ज्यानं दावं बांधलं त्याचं. अमरावतीच्या एका गायनपार्टीनं ते उचललं, त्याची कव्वाली केली, मधेमधे "अजी सुनो" घातलं आणि शेवटी त्यांच्या मास्तरनं, म्हणजे मुख्य गायकानं, आपली छाप ठोकली. शेंदूरजनाघाटच्या भजनी मंडळानं कापसाच्या जागी संत्रा घातला आणि दलालाला शिव्या दिल्या, टाळमृदंगासकट. अमरावतीच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका पोरानं काळा चष्मा लावून गिटारवर म्हटलं म्हणे, आणि पोरं बाकावर उभी राहून नाचली. कहर म्हणजे आमच्याच शेटच्या मुलाच्या वरातीत बँडवाल्यानं ती चाल वाजवली. पिपाणीला शब्द नसतात, त्याला काय माहीत. शेट घोड्यापुढं फेटा सावरत चाललेला, आणि आम्ही बाया रस्त्याच्या कडेला पदरात तोंड घालून हसून राहिलो.

आयत्या बिळावर नागोबा, असं झालं होतं. पण खरं सांगते, छापेचं मला इतकं लागलं नाही. लागलं ते हे, की झाडून सगळ्यांनी दुसरं कडवं गाळलं. मजुरीचं कडवं सगळ्यांना गोड लागे, एकजुटीच्या कडव्याला टाळ्या पडत. पाण्याचं कडवं आलं की प्रत्येकाच्या घशात काहीतरी अडके. इतक्या वर्षांत मजुरी दोनदा वाढली, आणि जिनात पाणी अजून वरूनच ओतत होते.

मग एका बुद्धपौर्णिमेला अमरावतीची तीच गायनपार्टी आमच्या वस्तीत आली. दुपार कलल्यावर कार्यक्रम होता. वस्तीतल्या पुढाऱ्यांनी आमच्या शेटला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, कारण मांडव त्याचा आणि भोंगाही त्याचाच. मी मास्तरला पेटी लावताना गाठलं.

"मास्तर, आज दुसरं कडवं म्हना."

तो माणूस वाईट नव्हता. खाली मान घालून म्हणाला, "बाई, कडवं ऐकलं हाये मी. चांगलं हाये. पन पाहुना समोर बसून राहिला, त्याच्या तोंडावर कसं म्हनू?"

"त्याच्याच जिनातलं गानं त्याच्या तोंडावर नाई म्हनायचं, त कोनाच्या तोंडावर म्हनता? संत्र्याच्या?"

"तुमाले छाप पाहिजे काय? टाकतो तुमचं नाव."

"नाव ठेवा तुमच्यापाशी. मले कडवं पाहिजे."

"पाहू," म्हणाला. पाहू म्हणजे नाही, हे बायकांना सांगावं लागत नाही.

कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या कडव्याला जिनातल्या सगळ्या बायांनी अशी झील दिली, की मांडवाचं कापड हललं. शेट मांडीवर बोटानं ताल धरून होता. मजुरी वाढवणारा दिलदार माणूस, त्याला काय बोचणार. मास्तरनं पेटीवर सूर फिरवला आणि सरळ तिसऱ्या कडव्यात उडी मारली.

मी झील दिली नाही. ठरवलं नव्हतं, तोंडच उघडलं नाही. माझ्या शेजारची थांबली. तिच्या शेजारची थांबली. मास्तरनं ओळ पुन्हा टाकली, ती तशीच रिकामी गेली. तिसऱ्यांदा टाकली. चाळीस बाया मांडवात बसून त्याच्याकडं नुसत्या पाहत होत्या. झील नसली की गायकाचं गाणं जागीच बसतं. ढोलकीवाल्यानं हात आवरला.

मास्तरनं कपाळ पुसलं, शेटकडं पाहिलं, मग आमच्याकडं. आणि भोंग्यातच म्हणाला, "बाई, मले ते कडवं पाठ नाई. सांगा."

मी जागेवरून ओळ सांगत गेले, तो भोंग्यातून म्हणत गेला. देवापुढं जळते वात. आम्ही झील दिली. तिले आमचाच लागला हात. शेट कडवं संपायच्या आत उठून गेला, पुढारी त्याच्या मागं धावले. मास्तरनं ते कडवं पाच वेळा म्हटलं आणि शेवटी छाप टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं मला फाटकातच अडवलं. "तुह्यं काम संपलं, बाई. मले काही बोलू नको, वरचा हुकूम हाये."

"तुमाले काहून बोलू?" मी म्हणाले आणि घरी आले. शूरपणा फाटकापर्यंतच टिकला. घरी आल्यावर चुलीपुढं बसून रडले. गाणं गाऊन मिळवलं काय, तर घरी बसणं, असं स्वतःलाच म्हणत होते.

संध्याकाळी माझ्या शेजारच्या रेच्यावरची बाई अंगावरच्या रुईसकट माझ्या दारात येऊन उभी राहिली. वयानं मोठी, कधी कोणाला उलटून न बोललेली. म्हणाली, दुपारच्या सुट्टीत पाणक्या ओतायला आला, तर तिनं त्याच्या हातातला गडवा काढून घेतला, माठात बुडवला आणि उभ्यानं पाणी प्यायली. तिच्यामागं आमच्या वस्तीतल्या सगळ्यांची ओळ लागली. मुकादम ओरडला, मग आत शेटकडं गेला, मग परत आला आणि बाजूला सरकून उभा राहिला. चाळीस रेचे एकदम बंद पडले तर पावसाआधी उरलेल्या कापसाची रुई कोण काढणार, हे त्यालाही कळत होतं.

"तुले घेतल्याबिगर उद्या एकही जनी आत जाऊन नाई राहिली," ती म्हणाली. "अन् आयक, आज माठ तीनदा भरा लागला."