सुरतचा कागद, चिकलठाण्याचं सूत आणि खुलताबादचे चाचा

आणि पाण्याचं काय? हे मी ताईला फोनवर किती वेळा विचारलं असेल, पण दरवेळी ती दुसरंच काढायची. डायरेक्ट छपाईत, म्हणजे शाई सरळ कापडावर टाकतात त्यात, सुती कापड छापून झालं की वाफवावं लागतं, मग धुवावं लागतं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत परत परत. आणि आमच्या संभाजीनगराकडं नळाला पाणी कधी येतं ते गल्लीतल्या बायांना विचारून बघा. त्यापेक्षा आमची ट्रान्सफर, म्हणायचो मी. कागदावर छापा, कागद कापडावर ठेवा, गरम रोलमधून काढा, झालं. थेंबभर पाणी नाही. घडी घाला आणि विका. यावर ताईचं एकच उत्तर, "गण्या, तुझं कापड अंगाला चिकटतंय." की परत पहिल्यापासून भांडण.

आता तुम्ही म्हणाल हा कोण आणि कापडावरून का भांडतोय. मी गणेश. आठवीनंतर शाळेला रामराम ठोकला, तीन-चार कामं धरली नि सोडली, आणि आता सुरतेत ट्रान्सफर छपाईच्या कारखान्यात गरम प्रेसवर आहे. माझी थोरली बहीण शोभाताई लासूर स्टेशनला शिवणकाम करते, आई तिच्याजवळच असते. खुलताबादच्या एका दुकानदार चाचांनी ताईला विचारलं होतं की हिमरूची नक्षी छापलेले स्टोल देशील का. हिमरू म्हणजे आपल्या शहरातली सूत आणि रेशमाची जुनी विणाई. अस्सल शाल प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही, म्हणून छापील. ताई त्यासाठी हप्त्यावर छोटं मशीन घ्यायचं म्हणत होती, सुरुवातीचे पैसे मी बाजूला टाकत होतो. ट्रान्सफरचं घेतलं तर चालवायला मी घरी येणार, हे आमचं ठरलेलं. डायरेक्टचं मला ओ की ठो कळत नाही, म्हणजे ते घेतलं तर मी आहे तिथंच. आता कळलं ना मी पाण्यावर एवढा का अडून बसलो होतो ते?

ताईनं जुन्या शालीच्या नक्षीचा फोटो पाठवला होता. शेठला विचारून मी तो पॉलिस्टरच्या सॅटीनवर छापला. बदामाच्या आकाराची बुट्टी, मधे डाळिंबी रंग, कडेला बारीक वेल. कागदावर बघाल तर रंग अगदी मेलेला, फिक्कट. पण प्रेसमधून कापड बाहेर आलं की कागद सोलून काढायचा, आणि खाली जे काही चमकतं ना! रोज करतो तरी मी एक क्षण थांबतो. उष्णतेनं रंगाची वाफ होऊन तो पॉलिस्टरच्या धाग्यात जाऊन बसतो, मग किती का धुवा. तो स्टोल पिशवीत टाकला आणि निघालो.

सुरतहून स्लीपर बस मिळते, भाडं आठशे-हजार, सणासुदीला विचारूच नका. सापुताऱ्याची वळणं आहेत, तेव्हा वरची जागा घेऊ नका, मी घेतली आणि पस्तावलो. सकाळी संभाजीनगरात उतरून पोहे खाल्ले, रेल्वे स्टेशन गाठलं आणि पॅसेंजरनं लासूर. तिकीट पोह्यांपेक्षा स्वस्त. उजव्या हाताच्या खिडकीत बसा, दौलताबादचा किल्ला बराच वेळ सोबत येतो. मी कितीदा बघितलाय, तरी मान वळतेच.

लासूरला स्टेशनाबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती. घरी आईनं येसर आमटी आणि बाजरीची भाकरी केलेली. ताईनं पिशवीतून स्टोल काढला, उजेडात धरला आणि वेलीवरून बोट फिरवलं. ताईनं बोट फिरवलं म्हणजे आवडलं. आई म्हणाली, शेवटी पोरगं घरी येणार म्हणायचं. ताई म्हणाली, अजून चिकलठाणा बघायचाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत पॅसेंजरनं शहरात आलो आणि जालना रोडनं शेअर रिक्षात बसून चिकलठाण्याला गेलो. तिथल्या जुन्या एमआयडीसीत कदम नावाच्या गृहस्थांचं सुती छपाईचं युनिट आहे, ताईच्या ओळखीतले. तुम्हाला असं काही बघायचं असेल तर आधी फोन करून जा, आणि जाताना जेवून जा, कारण आत गेलं की दोन-तीन तास कुठं जातात कळत नाही. कदमांनी मला बघूनच टोमणा मारला, "या सुरतवाले, पाण्याचा हिशोब घ्यायला आलात म्हणे."

म्हणजे ताईनं सगळं सांगून ठेवलं होतं.

मशीन बघितलं आणि खरं सांगतो, लई भारी वाटलं. आमच्याकडं कागद पळतो, इथं कापडच पळतं. छपाईआधी सुताला एक द्रावण लावून वाळवतात, नाहीतर रंग फाकतो. मग ते पट्ट्यावर ताणून बसवतात आणि वरून शाईचं डोकं इकडून तिकडं जातं, शाई सरळ सुतावर पडते. ताईचीच नक्षी लावली होती. निघालेला तुकडा बघून मला मनातून बरं वाटलं. मळकट दिसत होता, डाळिंबीचा विटकरी झालेला. मी ताईकडं बघितलं. कदम म्हणाले, थांबा जरा, अजून त्याची आंघोळ व्हायचीय.

तुकडा वाफेत गेला, धुऊन निघाला, दोरीवर आला. आणि तो रंग! आमच्यासारखा लखलखीत नव्हे, वेगळाच. पिकलेलं डाळिंब फोडल्यावर आत जो असतो तसा. हात लावला तर मऊ सूत, वर काही थापल्यासारखं लागतच नाही. धुण्याच्या पाण्याचं विचारलं तर कदमांनी मागची टाकी दाखवली. शेवटच्या धुण्याचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी ते पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतात. टँकर मागवावा लागतोच, ते काही त्यांनी लपवलं नाही. दरही तसाच. ट्रान्सफर मीटरला पन्नासच्या आत-बाहेर पडतं, यांचं कापडासकट दोनशेच्या घरात. मी ताईला म्हणालो, हा फरक चाचा देणारेत का? ताई म्हणाली, उद्या त्यांनाच विचार.

परत येताना शहरात नान-कलिया खाल्ला. ज्यांना मटण चालतं त्यांनी संभाजीनगरात येऊन तो न खाता जाऊ नये. हळदीनं पिवळा झालेला मोठा नान आणि वर तर्रीवाला रस्सा. ताई माळकरी, तिनं शेजारच्या हॉटेलातून चहा मागवून नुसता नान त्यात बुडवून खाल्ला. दुकानदार एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्या ताटाकडं बघत होता.

तिसऱ्या दिवशी खुलताबाद. शहरातल्या बसस्टँडवरून एसटी असतात, पण पहिली सोडू नका, नंतर वेरूळला जाणाऱ्यांची गर्दी होते. दौलताबादच्या जुन्या वेशीतून एसटी निघते तेव्हा दोन्ही बाजूला वीतभरच जागा राहते आणि ड्रायव्हर तेवढ्यात पानही लावतो. मग घाट, आणि वर गार वारं. दर्ग्याला येणारे आणि भद्रा मारुतीला येणारे एकाच रस्त्यानं चालत असतात, आणि त्या रस्त्यावर चाचांचं दुकान. चादरी, टोप्या, उपरणी, रुमाल, सगळं एकाच दोरीवर.

चाचा सत्तरीचे. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि दोन्ही तुकडे दुकानाच्या तोंडाशी टांगले. म्हणाले, गिऱ्हाईकालाच बघू द्या. आणि काय सांगू, जो तो माझ्या सॅटीनला हात लावायचा! जालन्याकडच्या एक बाई आल्या, त्यांनी तर भावच विचारला. सुती तुकड्याकडं ढुंकून नाही. मी ताईला कोपरानं ढोसलं. ती हसली, म्हणाली, बघतेय. मनात मी सुरतची खोली रिकामीसुद्धा करून टाकली होती.

त्या बाईंनी स्टोल हातात घेतला आणि उलटा केला.

मागची बाजू पांढरीफटक. सॅटीन जाड होतं, रंग वरच्या अंगालाच बसलेला. बाईंनी तो होता तसा दोरीवर टाकला आणि सुती उचलला. तोही उलटा करून बघितला. मागं रंग थोडा उतरलेला, पण बुट्टी, वेल, सगळं होतं. त्यांनी तो खांद्यावर घेऊन आरशात बघितला, विकायचा नाही म्हटल्यावर नाराज होऊन गेल्या.

चाचांनी माझा चेहरा वाचला असणार. म्हणाले, "बेटा, हिमरू की पहचान उलटी बाजू से होती. अब्बा तो गिऱ्हाईक को पहले उलटाच दिखाते थे. इधर का आदमी कपडा सीधा देखताच नहीं."

आणि हे मला माहीत होतं. इथंच वाढलो मी. दुकानात आई कापड उलटं करायची, ताई अजून करते. सुरतेत कुणी करत नाही, गठ्ठे जातात, गठ्ठे येतात. तिकडं राहून राहून माझ्या हातातून ते गेलं आणि मला पत्ताही नाही.

चाचांनी सांगून टाकलं की सुती आणा, दर थोडा जास्त लागला तरी मी देईन. छापील आहे हे सांगूनच विकणार, तेही वर म्हणाले. मग ते नमाजाला गेले आणि दुकानात आम्ही दोघंच राहिलो.

खरं तर उपाय होता. मागच्या बाजूला दुसरा कागद लावून परत प्रेस मारता येते. नक्षी नीट जुळत नाही, खर्चही वाढतो, पण होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईच बोलली.

"गण्या, तू म्हणशील तेच मशीन घेऊ. चाचांना मी समजावते."

"आणि चिकटतंय ते?"

"चिकटू दे. तू घरी तर येशील."

तिनं हे माझ्याकडं न बघता म्हटलं, माझ्याच स्टोलची घडी घालत. नीट चार पदरी, कोपऱ्याला कोपरा लावून, जशी गिऱ्हाईकाच्या कापडाची घालते तशी. मी सुती तुकडा उलटसुलट केला. चांगलं काम होतं. मी त्याला नावं ठेवू शकत होतो, पण प्रेसवर उभा राहणारा माणूस आहे मी, चांगली छपाई मला कळते.

म्हणालो, "कदमांना फोन लाव. मशीन नको. छापून त्यांच्याकडून घे, कापणं-शिवणं तुझं."

ताईनं फोन लावला. दर तिनं घासाघीस करून कमी करून घेतला. येताना आईसाठी खुलताबादचा खाजा घेतला आणि एसटीत दोघांनीच निम्मा संपवला.

आता परत सुरतेत आहे. कुणी विचारलं यातली चांगली पद्धत कुठली, तर सांगेन, पॉलिस्टरला ट्रान्सफरसारखं स्वस्त, झटपट, बिनपाण्याचं काही नाही, आणि सुताला डायरेक्टच. पण आधी विचारा की तुमचं गिऱ्हाईक कापड कुठल्या बाजूनं बघतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुती छपाईवाला आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं जाऊन उभा राहतो, वाफेचं काम शिकतोय. पहिल्यांदा त्यानं हाकललं, आता चहा देतो. घरी कधी जाणार ते माहीत नाही. आई फोनवर विचारते, मी कापडाचं सांगतो.

पहिल्या घाण्याच्या सुती कापडासाठी ताईला कदमांकडं आगाऊ पैसे भरायचेत, आणि प्रेस घ्यायला म्हणून बाजूला टाकलेले पैसे माझ्याकडं तसेच पडून आहेत. आज दुपारी ताईच्या खात्यावर पाठवतोय, अठरा हजार रुपये.